रक्त नवं, झडप जुनीच

आमचा धाकटा आता बारा वर्षांचा आहे. पावणेदोन वर्षांचा असताना त्याचं बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालं. कॅन्सरसाठी नाही. त्याला जन्मापासून एमपीएस-वन हा आजार आहे, त्यातला तीव्र प्रकार, ज्याला हर्लर म्हणतात. ट्रान्सप्लांट झालं म्हणून तो जगला, बोलायला लागला, शाळेत जातो. हृदयाचं प्रकरण मात्र तिथे मिटलं नाही. ते मिटत नसतं, वर्षानुवर्षं बघत राहावं लागतं, हे आम्हाला फार नंतर समजलं. असं मूल ज्यांच्या घरात आहे त्यांना ते आधी समजावं म्हणून हे लिहिते.

आम्ही खारघरच्या बेलपाड्यात राहतो, जुन्या गावात, भाड्याच्या घरात. घरमालकीण आजी खाली राहतात. ह्यांची नोकरी तळोजा एमआयडीसीत, शिफ्टची. मी घरी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. आम्हाला दोन मुलं. थोरली मुलगी, तिच्या पाठचा हा.

त्याचा जन्म २०१३चा. जन्मला तेव्हा सगळं ठीक होतं. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून नाक सतत वाहायचं. झोपेत मोठ्या माणसासारखा घोरायचा. बेंबीचा हर्निया होता, पुढे जांघेतही आला. डोकं मोठं दिसायचं. सासूबाई म्हणायच्या, बुद्धिमान होणार. बसायला लागला तेव्हा कमरेच्या वर पाठीत एक उंचवटा दिसू लागला. प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा डॉक्टर आणि वेगळं औषध. सर्दीला कफ सिरप, पाठीला मालिश, हर्नियाला ऑपरेशनची तारीख.

हर्नियाच्या ऑपरेशनआधी तपासायला आलेल्या बालरोगतज्ज्ञ मॅडमनी सगळं एकत्र पाहिलं. पाठीवरून हात फिरवला, बोटं सरळ करून बघितली, पोट दाबून यकृत कुठवर आलंय ते पाहिलं. म्हणाल्या, "ऑपरेशन थांबवा. आधी केईएमला जेनेटिक्सच्या ओपीडीत दाखवा." खारघरहून हार्बरनं कुर्ला, तिथे गाडी बदलून परळ. लघवीची तपासणी झाली, मग रक्तातल्या एन्झाइमची. रिपोर्ट यायला वेळ लागला. आला तेव्हा एन्झाइम जवळजवळ शून्य होतं.

तिथल्या डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या लक्षात राहिलं, कारण त्यांनी आमच्याच भाषेत सांगितलं. शरीरात साखरेच्या लांब साखळ्यांपासून बनलेले काही पदार्थ असतात. त्यांचं काम झालं की ते मोडून टाकायला अल्फा-एल-आयड्युरोनिडेज नावाचं एन्झाइम लागतं. ते नसेल तर हा माल पेशींमध्ये साठत जातो. "घंटागाडी बंद पडली तर गल्लीचं काय होतं, तसं," असं त्या म्हणाल्या. यकृतात साठतो, हाडांत, डोळ्यांच्या बुबुळात, घशात, मेंदूत, हृदयाच्या झडपांत. आई आणि बाप दोघांकडून एकेक बिघडलेलं जनुक आलं तरच हा आजार होतो. आम्हा दोघांना स्वतःला काहीच नाही. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते. लाखभर मुलांत एखाद्याला होणारा आजार, तो आमच्या खोलीत कसा आला, हा प्रश्न मी बरेच महिने देवाला विचारत होते. नंतर वेळच उरला नाही.

घाई होती. या आजारात ट्रान्सप्लांट करायचं तर दोन-अडीच वर्षांच्या आत, मेंदूवर फार परिणाम व्हायच्या आधी. एन्झाइमचं औषध मिळतं, लॅरोनिडेज, २००३ पासून. पण ते दर आठवड्याला सलाइनमधून आयुष्यभर द्यावं लागतं, महाग आहे, आणि मेंदूपर्यंत पोचत नाही. दुसऱ्याची मज्जा घातली तर त्या मज्जेतून तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशी एन्झाइम बनवतात. त्यांतल्या काही मेंदूतही जाऊन बसतात. म्हणून ट्रान्सप्लांट.

आज कोणाच्या मुलाला हे निदान झालं तर पैशाची वाट थोडी तरी आहे. दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण मार्च २०२१ मध्ये आलं. त्यात तीव्र एमपीएस-वनचं दोन वर्षांच्या आतलं ट्रान्सप्लांट पहिल्या गटात आहे. मदतीची मर्यादा २०२२ मध्ये पन्नास लाखांपर्यंत वाढवली. त्यासाठी ठरवून दिलेल्या केंद्रांत नोंद करावी लागते, मुंबईत ते केंद्र केईएम आहे. आमच्या वेळी यातलं काही नव्हतं. ट्रस्टना अर्ज, पंतप्रधान निधीला अर्ज, ह्यांच्या कंपनीतल्या लोकांची वर्गणी, माझे दागिने. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. ज्यांनी दिलं ते आठवणीत आहेत.

थोरलीची मज्जा जुळली. तेव्हा ती सहा वर्षांची होती. तपासणीत तिचं एन्झाइम निम्मं निघालं, म्हणजे ती आमच्यासारखीच, बिघडलेलं एक जनुक बाळगणारी. तिला आजार नाही. डॉक्टर म्हणाले, पूर्ण एन्झाइम असलेला दाता मिळाला असता तर उत्तम, पण पूर्ण जुळणारी सख्खी बहीण हातात असताना वाट बघण्यात अर्थ नाही. २०१५ मध्ये चेन्नईच्या एका रुग्णालयात ट्रान्सप्लांट झालं. आधी केमो, मग बहिणीची मज्जा एका पिशवीतून सलाइनसारखी. काही महिने आम्ही तिथेच खोली घेऊन राहिलो. रक्तगट बी पॉझिटिव्ह होता, तो हळूहळू बहिणीचा ओ पॉझिटिव्ह झाला. त्याच्या रक्तातल्या पेशी तपासल्या तर आता त्या मुलीच्या निघतात. थोरली हे सगळ्यांना सांगते.

परत आलो तेव्हा डोक्यावर केस नाहीत, तोंडाला मास्क. खारघरमध्ये असं मूल दिसलं की रिक्षावाला न विचारताच म्हणतो, "टाटाला ना?" त्यांचं चूक नाही. टाटा कॅन्सर रुग्णालयाचं बोनमॅरोचं युनिट खारघरच्या ॲक्ट्रेक या त्यांच्याच केंद्रात आहे. देशातलं पहिलं बोनमॅरो ट्रान्सप्लांटही टाटाच्याच डॉ. सुरेश अडवाणींनी केलं, परळला, मार्च १९८३ मध्ये. इथे भाड्यानं राहणाऱ्यांत किती तरी घरं पेशंटची असतात. सुरुवातीला मी प्रत्येकाला समजावायचे की कॅन्सर नाही, वेगळं आहे. मग कंटाळून नुसती मान हलवायला लागले.

आता मूळ मुद्द्यावर येते.

ट्रान्सप्लांटआधी चेन्नईला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला होता. त्यात हृदयाचा स्नायू जाड झालेला होता आणि डाव्या बाजूची झडप, मायट्रल, तीही जाड. थोडं रक्त मागे गळत होतं, अगदी किरकोळ. ट्रान्सप्लांटनंतर वर्षभरानं परत इको झाला. स्नायू जवळजवळ नॉर्मल. डॉक्टर खूश, आम्ही खूश. "हार्ट छान आहे" हे वाक्य आम्ही घरी घेऊन आलो. त्याच रिपोर्टात खाली झडप जाड असल्याचं लिहिलेलं होतं. ती ओळ आम्हाला कोणी वाचून दाखवली नाही, आणि आम्हाला वाचता येत होती असंही नाही.

पुढची वर्षं इतर गोष्टींत गेली. ट्रान्सप्लांटनंतर लहानपणीच्या सगळ्या लशी पुसल्या जातात, त्या पहिल्यापासून द्याव्या लागतात. काही आधी, गोवरासारख्या जिवंत विषाणूच्या दोन वर्षांनी. पाठीला पट्टा. डोळे, कान, उंची, थायरॉइड. दरवर्षी चेन्नईला जायचं, रक्तात एन्झाइम किती आणि बहिणीच्या पेशी किती टक्के आहेत ते बघायचं. आकडा शंभराच्या जवळ आला की आम्ही स्टेशनवर इडली खाऊन गाडीत बसायचो. २०२० मध्ये लॉकडाउन आलं आणि चेन्नई थांबली. नंतर फोनवर सल्ला. फोनवर छाती कशी तपासणार?

२०२२ साली शाळेत सरकारी आरोग्य तपासणीची गाडी आली, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. सरकारी शाळांत आणि अंगणवाड्यांत हे पथक येतं, मुलांना डोक्यापासून पायापर्यंत बघतं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरपासूनच सुरू झाला होता. पथकातल्या तरुण डॉक्टरनं याच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. मला बोलावून घेतलं. "हृदयात आवाज येतोय. तुम्हाला माहीत आहे का?" मला माहीत नव्हतं. मी त्यांना सगळा इतिहास सांगितला, तर त्यांनीही प्रामाणिकपणे सांगितलं की हा आजार त्यांनी पुस्तकातच वाचलाय. इको करून घ्या म्हणाले आणि चिठ्ठी दिली. त्या डॉक्टरचे माझ्यावर उपकार आहेत.

त्यानंतर जे झालं ते इतरांना टाळता येण्यासारखं आहे, म्हणून सविस्तर सांगते.

घाईत आम्ही जवळच्या एका सेंटरमध्ये इको केला. तिथे मोठ्यांचे इको होतात. रिपोर्ट आला, "माइल्ड एमआर, बाकी नॉर्मल." म्हणजे मायट्रल झडप थोडी गळते. जीव भांड्यात पडला. पण ह्यांच्या मनाला पटेना, म्हणून दुसरीकडे केला. तिथे "मॉडरेट" लिहिलं, महाधमनीची झडपही थोडी गळते असं लिहिलं, आणि खाली र्‍हुमॅटिकची शंका. त्या आठवड्यात मी शिवायला घेतलेले ब्लाउज तसेच पडून होते.

र्‍हुमॅटिक म्हणजे घशाच्या संसर्गानंतर येणारा सांध्यांचा ताप, त्यानं झडपा खराब होतात. आपल्याकडे तो पुष्कळ आढळतो. त्यामुळे शाळकरी मुलाची मायट्रल झडप जाड दिसली की डॉक्टरांच्या मनात आधी तोच येतो. त्यावर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं दुखरं इंजेक्शन वर्षानुवर्षं द्यायचं असतं. आम्हालाही ते सुरू करून दिलं. रिपोर्ट लिहिणाऱ्यांपुढे एमपीएसचा कागद नव्हता, आणि इंजेक्शन देणाऱ्यांनी रिपोर्टवर विश्वास ठेवला. पोरगं इंजेक्शनच्या दिवशी सकाळपासून जेवायचं नाही.

मार्ग सापडला तो पालकांमुळे. लायसोसोमल स्टोरेज डिसऑर्डर्स सपोर्ट सोसायटी म्हणून अशा मुलांच्या पालकांची देशभरातली संस्था आहे. तिच्यातल्या एका आईनं मला फोनवर विचारलं, "मुलांच्या हृदयाचे डॉक्टर बघतायत का मोठ्यांचे? आणि जुन्या इकोची सीडी आहे का?" सीडी होती, कपाटात, ट्रान्सप्लांटच्या फायलीत. ती घेऊन आम्ही मुलांच्या हृदयविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी नवा इको स्वतः केला, बराच वेळ लावला, आणि मग २०१५, २०१६ची चित्रं शेजारी लावून बघितली.

ते म्हणाले, झडप तेव्हाच जाड होती, आता आणखी जाड आणि आखूड झाली आहे. र्‍हुमॅटिक नाही, हा मूळचाच आजार आहे. इंजेक्शन बंद झालं. धाकट्यानं घरी येऊन पहिली बातमी आजींना हीच दिली.

मी विचारलं, मग ट्रान्सप्लांटचा उपयोग काय झाला? एन्झाइम तर येतंय. त्यांनी शांतपणे सांगितलं. हृदयाच्या स्नायूला भरपूर रक्त मिळतं, म्हणून रक्तातून येणारं एन्झाइम तिथे पोचतं आणि स्नायू सुधारतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्याही बहुतेक मुलांत मोकळ्या राहतात. ट्रान्सप्लांट झालं नसतं तर त्या लहानपणीच बंद होण्याचा धोका असतो. पण झडप म्हणजे पातळ पडदा. त्यात रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. एन्झाइम तिथे फार थोडं पोचतं. शिवाय ट्रान्सप्लांटआधी जो बिघाड होऊन बसला, तो आकार परत येत नाही. म्हणजे घंटागाडी सुरू झाली तरी बोळाच्या आत ती शिरत नाही. त्यामुळे ट्रान्सप्लांट यशस्वी झालेल्या मुलांतही झडपांचा त्रास हळूहळू वाढू शकतो, डाव्या बाजूच्या दोन झडपांचा जास्त. काहींना पुढे झडप बदलावी लागते, काहींचं वर्षानुवर्षं तसंच राहतं.

आमच्या मुलाचं पुढे काय होईल, तो चाळिशीचा झाल्यावर हृदय कसं असेल, हेही विचारलं. त्यांचं उत्तर मला आवडलं. हर्लरसाठी पहिलं ट्रान्सप्लांट १९८० साली लंडनमध्ये झालं, डॉ. हॉब्ज यांच्या चमूनं केलेलं. म्हणजे या वाटेनं गेलेले सगळ्यांत जुने पेशंटही अजून पन्नाशीच्या अलीकडचे. "पुस्तक अजून लिहिलं जातंय," ते म्हणाले, "म्हणून तपासत राहायचं."

हे सगळं थोरली दाराशी उभी राहून ऐकत होती. रिक्षात काही बोलली नाही. रात्री भांडी घासताना विचारलं, "माझं एन्झाइम निम्मं होतं म्हणून झालं का गं?" तिला तिच्या निम्म्याचं कोणी सांगितलं, मला कळलं नाही. बहुतेक फायलीत वाचलं असावं, ती आता इंग्रजी चांगलं वाचते. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या खेपेला डॉक्टरांनाच तिच्यासमोर विचारलं. ते म्हणाले, पूर्ण एन्झाइम देणाऱ्या दात्यांच्या मुलांतही झडपा जाड होतात, तुझ्या मज्जेमुळे तो इथे खुर्चीत बसून पाय हलवतोय. तिनं मान डोलावली. पटलं की नाही, विचारलेलं नाही.

त्या दिवसापासून आम्ही काही पद्धती लावून घेतल्या. इको एकाच ठिकाणी, शक्यतो एकाच डॉक्टरांकडे. बघणारा बदलला की माइल्डचं मॉडरेट आणि मॉडरेटचं माइल्ड होतं, आणि आई-बाप उगाच वर-खाली होतात. शब्दापेक्षा मोजमाप महत्त्वाचं: डाव्या कप्प्याचा आकार, पंपिंगचे टक्के, झडपेची जाडी. मूल वाढतं तसं हृदयही वाढतं, म्हणून प्रत्येक रिपोर्टवर त्या दिवसाची उंची आणि वजन लिहून घ्यायचं. त्याशिवाय मागच्याशी तुलना होत नाही. सीडी मागून घ्यायची, नुसता कागद नाही. सोबत ईसीजी.

बीपीचं तर मला काहीच माहीत नव्हतं. मुलांचं बीपी कोण मोजतं? ट्रान्सप्लांटनंतर त्याला सायक्लोस्पोरिन चालू होतं तेव्हा बीपी वाढलं होतं, औषध बंद झाल्यावर आम्ही तो विषय सोडून दिला होता. केमो आणि त्या औषधांनी मूत्रपिंडावर ताण येतो आणि बीपी नंतरही वर राहू शकतं. झडप गळत असताना वाढलेलं बीपी म्हणजे गळती आणखी वाढणार. याचं थोडं जास्तच निघालं. आमच्या मुलांची उंची कमी असते. मुलांचं बीपी वय आणि उंची दोन्ही बघून ठरवतात, त्यामुळे मोठ्यांना नॉर्मल असलेला आकडा याला नॉर्मल नाही. पट्टाही मुलाच्या दंडाच्या मापाचा हवा. मोठा पट्टा लावला तर आकडा खोटाच कमी येतो. आता सकाळी एक छोटी एनालाप्रिलची गोळी असते. तिच्यामुळे क्रिएटिनिन आणि पोटॅशियम मधून मधून तपासतात, आणि उलट्या-जुलाब झाले तर गोळी द्यायची की थांबवायची ते फोन करून विचारायचं असं सांगून ठेवलंय. झडप बरी करणारी गोळी नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं, म्हणजे आम्ही तसं समजू नये.

वर्षातून एकदा कोलेस्टेरॉल, साखर, थायरॉइड बघतात. ट्रान्सप्लांट झालेल्या मुलांना हे त्रास तरुणपणीच लागू शकतात. कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या मुलांसाठी टाटामध्ये १९९१ पासून वेगळं क्लिनिक आहे, उपचार संपल्यावर पुढे काय काय होऊ शकतं ते बघण्यासाठी. गल्लीतल्या एका मुलीची आई तिथे जायची, तिच्याकडे दरवर्षीच्या तपासण्यांची यादी असायची. मी तिची यादी बघून चेन्नईच्या डॉक्टरांना आमच्यासाठी तशीच लिहून द्या म्हटलं. त्यांनी दोन पानी लिहून पाठवली. न मागता ती आली नसती.

मग हाताचं निघालं. पेन्सिल हातातून पडायची, रात्री बोटं चावायचा. मुलं मुंग्या येतात असं सांगत नाहीत, कारण त्यांना ते नेहमीचंच वाटतं. मनगटात नस दाबली गेली होती. कार्पल टनेल, या मुलांत ट्रान्सप्लांटनंतरही होतं. जवळच्या एका नर्सिंग होममध्ये म्हणाले, अर्ध्या तासाचं काम, उद्या सकाळी उपाशी घेऊन या. ह्यांनी सहज हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं, तर ते ओरडलेच. या मुलांना भूल देणं धोक्याचं असतं. घसा अरुंद, जीभ मोठी, जबडा कमी उघडतो, मानेचा मणका कच्चा असू शकतो, वर झडप गळते. नळी घालता आली नाही तर छोट्या ठिकाणी हाताशी काही नसतं. ऑपरेशन छोटं असलं तरी भूल छोटी नसते, हे तेव्हा कळलं.

शेवटी मोठ्या रुग्णालयात झालं. आधी मानेचे एक्स-रे आणि एमआरआय, ताजा इको, भूलतज्ज्ञांशी वेगळी भेट. त्यांनी दुर्बिणीची नळी तयार ठेवली होती, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना थिएटरमध्ये थांबवलं होतं. एकाच भुलीत दोन्ही हातांचं ऑपरेशन आणि कानात ग्रोमेटच्या बारीक नळ्या बसवणं उरकलं. असं जमत असेल तर जरूर विचारा, प्रत्येक भूल वाचवलेली बरी. दार बंद झालं तेव्हा हे कॅन्टीनला जातो म्हणाले आणि जिन्यात बसून राहिले. मी जाऊन बघितलं, पण हाक मारली नाही.

दातांचं सांगायचं राहिलं. किडलेल्या दातातले जंतू रक्तात जाऊन खराब झडपेवर बसू शकतात. म्हणून सहा महिन्यांनी दाताच्या डॉक्टरांकडे, आणि खुर्चीत बसायच्या आधी झडपेचं सांगायचं. दात काढण्याआधी अँटिबायोटिक द्यायचं का, ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. सगळ्यांना लागत नाही, आमच्याला सध्या लागत नाही म्हणाले. झडप बदललेल्यांना लागतं. ताप चार-पाच दिवस हटला नाही आणि कारण सापडत नसेल, तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर घ्यायला सांगायचं. गल्लीतल्या डॉक्टरांना हे मी लिहूनच दिलंय. त्यांना राग आला नाही, उलट त्यांनी ते याच्या केसपेपरला टाचून ठेवलं.

खेळण्याबद्दल मला सगळ्यांत जास्त भीती होती. पीटीच्या सरांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की याला बसवून ठेवा. डॉक्टर म्हणाले, बसवू नका. आत्ता जेवढी गळती आहे तेवढ्यात त्यानं पळावं, दमला की थांबावं. मान जोरात हिसडणारे खेळ नकोत, कोलांट्या नकोत, कबड्डी नको. त्याचे खुबे आणि गुडघे ताठ आहेत, त्यामुळे तो पळतो कमी आणि यष्टिरक्षण जास्त करतो. घरमालकीण आजी ओट्यावरून बघत असतात. विचारतात, "पोराला दम लागतो का गो?" मी म्हणते, लागला की सांगतो तो. दोन मजले चढून थांबायला लागला, रात्री उशी उंच मागायला लागला, पाय सुजले, चक्कर आली, तर वाट न बघता यायचं, हे मी सरांनाही सांगितलंय आणि आजींनाही.

मागच्या इकोत मायट्रल मॉडरेटच होती, महाधमनीची माइल्ड, पंपिंग चांगलं. सहा महिन्यांनी परत बोलावलंय. झडप बदलायची वेळ आलीच, तर कधी, याबद्दल डॉक्टर आत्ता बोलत नाहीत. कप्पा मोठा व्हायला लागला किंवा पंपिंग उतरायला लागलं की बोलू म्हणतात. धातूची झडप बसवली तर रक्त पातळ करायची गोळी जन्मभर, हे मी ऐकून घेतलंय. त्याच्या पुढचं अजून ऐकायचं नाही म्हणून मीच विषय बदलते.

फाइल आता एका प्लास्टिकच्या पिशवीत असते. वर एक पान, मराठीत आणि इंग्रजीत. आजाराचं नाव, ट्रान्सप्लांटचं साल, दाता कोण, झडपेची आजची स्थिती, भूल देणं धोक्याचं आहे ही ओळ लाल अक्षरांत, औषध, दोन डॉक्टरांचे फोन. त्याच पानाचा फोटो ह्यांच्या, माझ्या आणि थोरलीच्या मोबाइलमध्ये आहे. मेट्रो २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून बेलपाडा स्टेशनातून निघालो की पिशवी तोच उचलतो.

सध्या माझ्यापुढे वेगळाच प्रश्न आहे. मुलांचे डॉक्टर अठराव्या वर्षापर्यंत बघतात. त्यानंतर मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जावं लागेल, आणि त्यांच्यातल्या फार थोड्यांनी हर्लरचा मोठा झालेला पेशंट पाहिलाय, कारण आधी अशी मुलं मोठी होतच नव्हती. आमच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, अजून सहा वर्षं आहेत, पण आत्तापासून माणूस शोधायला लागू. दरम्यान त्यालाच शिकवायला सांगितलंय. आता काउंटरवर विचारलं, काय होतंय, तर तो मला बोलू देत नाही. "एमपीएस-वन, ट्रान्सप्लांट दोन हजार पंधरा, मायट्रल मॉडरेट," एका दमात सांगतो आणि केसपेपरचे पैसे मागायला माझ्याकडे हात करतो.